चौदा पानं आणि तुमची पेन्सिल: वकीलताईंना उघड पत्र

ताई, नमस्कार.

त्या दिवशी तुमच्याकडे आलो तो खरं तर सही करायचं मनात धरूनच. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे आठ माग. टॉवेल विणायचे, ओळखीवर आणि फोनवर धंदा करायचा, एवढंच ठाऊक. दिल्लीच्या एका खरेदीदाराने हॉटेलांसाठी मोठी ऑर्डर देऊ केली आणि सोबत चौदा पानी इंग्रजी करार पाठवला. आमच्या लेखी करार म्हणजे शेवटच्या पानावर शिक्का.

तुम्ही पान उलटायच्या आधीच विचारलंत, "उद्यम नोंदणी आहे का?" लघुउद्योगांची ही सरकारी नोंदणी सुदैवाने होती. मग पैसे ९० दिवसांनी देण्याच्या ओळीखाली रेघ मारलीत. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे आमच्यासारख्या लघु उत्पादकाला माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, करारात काहीही लिहिलेलं असो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक ठरवते त्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्या-महिन्याने चक्रवाढ व्याज. वीस वर्षं धंद्यात असून हे मला माहीत नव्हतं, याची लाज वाटली. माल उशिरा दिला तर आमच्यावर लागणाऱ्या दंडाचं तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत: करार कायद्याचं कलम ७४, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, कोर्ट वाजवी तेवढंच देतं.

खरा घोळ नवव्या पानावर होता. मालावरून कुणीही कसलाही दावा केला तर सगळा खर्च आमच्या डोक्यावर, आणि त्याला मर्यादाच नाही. मी ते नेहमीचं काहीतरी म्हणून सोडून दिलं होतं. तुम्ही म्हणालात, "हॉटेलवाल्याने ब्लीचमध्ये बुडवून टॉवेलचा रंग घालवला, तरी भरायचं तूच." घाम फुटला. मग तुम्ही दोन दुरुस्त्या लिहून दिल्यात: दोष आमच्या विणकामाचा असेल तरच खर्च आमचा, आणि तोही ऑर्डरच्या रकमेपर्यंत. मला वाटलं ऑर्डर गेली. त्यांनी एका मेलमध्ये मान्य केलं! विचारायचंच असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं हो.

वाद दिल्लीच्या कोर्टात, ही अट मात्र राहिली. त्यांचं ऑफिस तिथे असल्याने ती टिकेल, हे तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत. थकलेल्या पैशांसाठी आपल्याकडच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाता येतं, एवढा आधार दिलात.

आणि निघताना माझ्याच पावतीपुस्तकावर बोट ठेवलंत. आम्ही जॉबवर्कला दुसऱ्यांचं सूत घेतो. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलंय, 'सुताच्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही.' तुम्ही हसलात. दुसऱ्याचा माल ताब्यात असला की तो आपलाच समजून सांभाळावा लागतो, करार कायद्याचंच कलम १५१. "खाली छापलं की सुटलो, असं समजू नकोस. सूत देणाऱ्याने ते वाचलं तरी का?" दिल्लीवाल्यांवर चिडणारा मी, आणि तेच मी गल्लीतल्या मागवाल्यांशी करत होतो. हे तुम्ही बोलून दाखवलं नाहीत, त्याचे आभार वेगळे.

पावतीपुस्तक संपत आलंय. नवं छापायला टाकण्याआधी ते वाक्य बदलून आणतो. गुरुवारी संध्याकाळी ऑफिसात असाल ना?

तुमचा,
एक टॉवेलवाला