राउटर भंगारात देण्याआधी

संपादक महोदय,

चवथ जवळ आली की गोव्यात घरे झाडूनपुसून काढली जातात. फायबर आल्यापासून माळ्यावर पडलेले जुने राउटर यंदाही त्या सफाईत बाहेर निघतील आणि "आता याला अपडेट येत नाही" म्हणून भंगारवाल्याच्या पोत्यात जातील. अपडेट येत नाही हे खरे आहे, पण यंत्रच म्हातारे झाले हे जे कारण बहुतेकांना सांगितले जाते, ते खरे नव्हे.

टीपी-लिंकचा डब्ल्यूआर ७४०एन आवृत्ती ४ किंवा एमआर ३०२० आवृत्ती १ उघडा. आत एआर ९३३१ हा प्रोसेसर, ३२ एमबी रॅम आणि ४ एमबी फ्लॅश (वीज गेली तरी मजकूर राखणारी चिप) सापडेल. यांवर ओपन-डब्ल्यूआरटी हे मुक्त लिनक्स चालते. मात्र एवढ्या लहान मेमरीच्या यंत्रांना अधिकृतपणे सामावून घेणारी शेवटची आवृत्ती १९.०७, म्हणजे जानेवारी २०२० ची. सप्टेंबर २०२१ च्या २१.०२ पासून किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम लागते. प्रोसेसर ठणठणीत आहे. घोडे अडते ते रॅम आणि फ्लॅश या दोन चिपांपाशी, आणि त्या दोन्ही बदलता येतात.

हे काम करणारे बहुतेक जण मात्र पहिल्याच पायरीला चुकतात. सोल्डरिंग आयर्न तापवायच्या आधी मूळ ४ एमबी फ्लॅशची प्रत काढायलाच हवी. फ्लॅशच्या शेवटच्या ६४ केबीत एआरटी नावाचा भाग असतो. त्या एका बोर्डाच्या रेडिओचे कारखान्यात केलेले मोजमाप त्यात असते. ते गेले की वाय-फाय एकतर दिसत नाही, नाहीतर दोन खोल्यांपलीकडे पोचत नाही. दुसऱ्या राउटरचा एआरटी घातला तर काम चालते, पण ते दुसऱ्याचा चष्मा लावण्यासारखे. सुरुवातीच्या १२८ केबीत बूटलोडर (वीज मिळताच सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्राम) असतो, आणि त्यातल्या शेवटच्या १ केबीत मॅक अॅड्रेस (नेटवर्कवरचा ओळखक्रमांक), मॉडेल आणि पिन. हा १ केबी विसरला तर एकाच प्रतीवरून केलेले दोन राउटर एका नेटवर्कवर भांडत बसतात.

प्रत काढायला सीएच ३४१ए प्रोग्रामर (चिप वाचणारे-लिहिणारे छोटे यंत्र) आणि फ्लॅशरॉम हे सॉफ्टवेअर पुरते. या प्रोग्रामरच्या काळ्या, स्वस्त प्रकारात डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात आणि आपली चिप ३.३ व्होल्टची आहे. तेवढे आधी दुरुस्त करून घ्यावे. क्लिप लावून बोर्डावरच वाचले तर क्लिपमधून प्रोसेसरलाही वीज मिळते, तो जागा होऊन त्याच तारांवर बोलू लागतो आणि वाचन बिघडते. म्हणून दोनदा वाचून दोन्ही फाइलींचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडा) जुळवावा. जुळला नाही तर चिप काढूनच वाचावी.

रॅम बदलणे हातासाठी अवघड, पण डोक्यासाठी सोपे. मूळ चिप २५६ मेगाबिटची म्हणजे ३२ एमबीची, १६ बिट रुंदीची डीडीआर १, ६६ पायांची. तिच्या जागी ५१२ मेगाबिटची म्हणजे ६४ एमबीची, तशीच १६ बिटची बसते. दोन्हींत रोच्या (आडव्या ओळींच्या) पत्त्याच्या तारा १३ च आहेत. कॉलमच्या (उभ्या ओळींच्या) ९ च्या १० होतात, आणि त्यासाठी लागणारी ए९ ही तार रोसाठी बोर्डावर आधीच आलेली असते. म्हणून नवीन तार ओढावी लागत नाही. त्यापुढच्या १ गिगाबिटच्या चिपला रोची चौदावी तार लागते, तेव्हा ६४ एमबीवर थांबावे.

ही चिप नवी विकत घ्यायची गरज नाही. जुन्या लॅपटॉपच्या डीडीआर १ पट्टीवर ती मिळते. ५१२ एमबीच्या पट्टीवर एकूण ८ चिपा, किंवा २५६ एमबीच्या पट्टीवर ४ चिपा असल्या की प्रत्येक चिप ६४ एमबीची. फसगत होते ती डेस्कटॉपच्या पट्टीत. ५१२ एमबी, ८ चिपा, हिशेब तोच, पण तिथली चिप बहुधा ८ बिट रुंदीची असते. ती बसते, सोल्डरही छान होते, आणि बोर्ड मात्र ढिम्म. चिपेवरचा क्रमांक पाहून रुंदीची खात्री करावी.

काढताना पायांवर भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वाहू देणारा लेप) आणि कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू घ्यावा. कारखान्याचे शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळते, त्यामुळे नुसत्या सोल्डरिंग आयर्नने ६६ पाय एकदम सुटत नाहीत. पाय कटरने कापायचा मोह टाळावा, पॅड उपटले जातात. प्लास्टिकच्या सॉकेटवर उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावावी. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक गोष्ट: महिनोन्‌महिने दमट हवेत पडलेला बोर्ड गरम हवा लागताच फुगू शकतो. आधी दोन तास सुमारे १०० अंशांवर सुकवून घ्यावा. बसवताना ६३/३७ सोल्डर, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स पुसणे. पायांत ०.६५ मिमीचे अंतर आहे, भिंगाशिवाय जोड तपासू नये. एक कच्चा जोड राहिला तर यंत्र सुरू होते, पण मधूनच आपोआप रीस्टार्ट होत राहते. मेमटेस्टर या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामने ४० एमबीचे पाच फेरे निर्दोष गेले तरच पुढे जावे.

फ्लॅशसाठी डब्ल्यू २५क्यू १२८, १६ एमबी. ३२ एमबीची घेऊ नये: २४ बिटांच्या पत्त्याने १६ एमबीच गाठता येतात. त्यापुढे चिपला ४ बाइटच्या पत्त्यावर न्यावे लागते, आणि रीबूट केल्यावर प्रोसेसर जुन्याच पद्धतीने विचारतो, चिप ऐकत नाही. प्लग काढून लावेपर्यंत यंत्र मेलेले.

नवीन चिपेसाठी १६,३८४ केबीची फाइल बनवावी. ती शून्यांनी नव्हे, एफएफने भरलेली असावी, कारण पुसलेली फ्लॅश एफएफच वाचते. सुरुवातीला नवा बूटलोडर, यू-बूट मॉड. १२७ केबीवर जुन्या प्रतीतला तोच १ केबी. जुन्या प्रतीत ४,०३२ केबीवर असलेला एआरटी इथे १६,३२० केबीवर. फाइलींचे तुकडे जोडणारी डीडी ही लिनक्स आज्ञा चालवताना ब्लॉक १ केबीचा धरला की हे आकडे जसेच्या तसे वापरता येतात.

नवा बूटलोडर कशाला, असे कोणी विचारील. मूळ बूटलोडर यू-बूट फक्त सिरियल तारेवर, तेही सुरू होतानाच्या एका सेकंदात टीपीएल टाइप केले तर थांबतो. यू-बूट मॉड बटण तीन सेकंदांहून जास्त दाबून धरले की १९२.१६८.१.१ वर पान उघडतो आणि फसलेले फर्मवेअर (राउटरमधले सॉफ्टवेअर) नेटवर्क केबलवरूनच पुन्हा घालता येते. पण तो दिलेली फाइल तपासत नाही, चुकीची दिली तर चुकीचीच लिहितो. बूटलोडर लिहिताना वीज गेली तर पुन्हा प्रोग्रामरच लागतो. एमआर ३०२० ५ व्होल्टवर चालतो, त्याला पॉवर बँक लावून हे काम करावे.

फर्मवेअर मात्र स्वतः बांधावे लागते. तयार फाइल ४ एमबीचाच नकाशा धरून चालते. डिव्हाइस ट्रीत (यंत्रात काय कुठे आहे ते सांगणाऱ्या फाइलीत) एआरटीची जागा आणि फर्मवेअरचा आकार १६,१९२ केबी असा बदलावा. रॅम किती आहे ते लिनक्स सुरू होताना स्वतः मोजते.

असा राउटर फायबरचा मुख्य राउटर म्हणून लावू नका. पोर्ट १०० मेगाबिटचे, वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झ, आणि ६४ एमबीही आजच्या मानाने तंगच. कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) पंपाची, टाकीच्या पातळीची नोंद ठेवायला तो उत्तम.

आमची सूचना फर्मागुडी, म्हापसा, डिचोली इथल्या आयटीआयना आहे. बारीक पायांच्या चिपा काढण्याबसवण्याच्या सरावाला विकतच्या सराव-पट्ट्यांपेक्षा हे बोर्ड बरे. चुकले तर नुकसान नाही, साधले तर चालते यंत्र. चवथीआधी महिनाभर संस्थेच्या दारात एक खोके ठेवावे. देणाऱ्यांनी अॅडॅप्टरही सोबत द्यावा: ७४०एनला ९ व्होल्ट लागतात, आणि तसाच प्लग असलेला १२ व्होल्टचा अॅडॅप्टर चुकून लागला तर आतला रेग्युलेटर जाण्याची भीती असते.

आपले,
लिनक्स आणि बोर्ड-दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक, फोंडा