ओढ्याच्या नावाने एक लेखाशीर्ष हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च तोंडावर आला की पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्या बातम्या सुरू होतात. उड्डाणपुलांना किती, रस्त्यांना किती, मेट्रोला किती. मृदसंधारणाच्या कामांची बिलं तपासण्यात माझी एकतीस वर्षं गेली, त्यामुळे बातमीवर समाधान होत नाही. अंदाजपत्रकाचं पुस्तक उघडून, कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या खात्यात, किती पैसे ठेवले ते बघायची खोड आहे.

आमच्या घरामागून आंबिल ओढा जातो. त्याच्यावर शहर पैसे खर्च करत नाही असं मुळीच नाही. पण ते शोधायला बरीच पानं उलटावी लागतात. पावसाळापूर्व नालेसफाई एकीकडे, सीमाभिंत दुसरीकडे, कल्व्हर्ट (रस्त्याखालच्या मोऱ्या) तिसरीकडे, मैलापाण्याच्या वाहिन्या आणखी कुठे. ओढा एक आणि खाती चार. कात्रजच्या डोंगरापासून मुठा नदीला मिळेपर्यंतचा अख्खा ओढा एका पानावर, एका बेरजेत मला तरी दिसला नाही.

पुरंदर तालुक्यात आमच्या पाणलोटाच्या कामांना ‘माथा ते पायथा’ हा नियम होता. आधी डोंगरावर समतल चर, मग घळीत दगडी बांध, शेवटी खाली माती नालाबांध. वरचं काही झालेलं नसताना खालच्या बांधाचं बिल आलं, तर आमचे साहेब लाल पेनने शेरा मारून परत पाठवायचे. वरचं पाणी अडवलं नाही, तर खालचा बांध पहिल्या दोन पावसांत गाळाने भरतो नाहीतर वाहून जातो. हे खेड्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला माहीत आहे. शहरात मात्र आपण फक्त पायथ्याचीच बिलं काढतो.

पूर्वी पुण्यात हे उलटं होतं. नानासाहेब पेशव्यांनी शहराला पाणी द्यायचं ठरवलं तेव्हा पैसा आधी कात्रजला, डोंगराच्या कुशीत गेला. तिथे तलाव बांधले, तिथून दगडी नळ काढला, आणि मग पेठांतले हौद भरले. सारसबागेतल्या गणपतीला अजूनही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. बागेच्या जागी जे तळं होतं, ते याच ओढ्याच्या पाण्याचं. पेशवाईचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही, पण हिशेब त्यांना कळत होता हे मान्य करावं लागतं.

आता २५ सप्टेंबर २०१९ च्या पुराच्या रात्रीबद्दल. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पूर आला, ते आमच्या आधीच्या पिढीने सांगितलेलं. २०१९ ला धरणबिरण काही फुटलं नव्हतं. कात्रजच्या बाजूला तुफान पाऊस झाला आणि ओढ्याला जायला जागा नव्हती, एवढंच. अरण्येश्वरला टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. शहर आणि जिल्हा मिळून बळींचा आकडा वीसच्या वर गेला. आमच्याकडे कुणाला इजा झाली नाही. पार्किंगमध्ये पाणी मीटरच्या पेट्यांपर्यंत चढलं, गाड्या एकमेकींवर आदळत होत्या, आणि आम्ही जिन्यात मेणबत्ती धरून उभे होतो.

दुसऱ्या दिवशी फावड्याने चिखल काढताना हिरव्या-पांढऱ्या फरशीचे तुकडे वर आले. चायना मोझॅक. मी ते लगेच ओळखले, कारण ते आमच्याच गच्चीचे होते.

पुराच्या दोन वर्षं आधी गच्ची गळत होती म्हणून जुना कोबा फोडला होता. सोसायटीचा खजिनदार मी. राडारोडा उचलायला एक ट्रॅक्टरवाला बोलावला. ‘राडारोडा उचलणे, ट्रॉली २ नग, रु. २,४००’ असं व्हाउचर झालं. पहिली ट्रॉली वीस मिनिटांत रिकामी होऊन परत आली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलं होतं. वीस मिनिटांत जाऊन येण्यासारखी जागा एकच, वरच्या वळणावरचा ओढ्याचा काठ. मी विचारलं नाही आणि सही केली.

ओढ्याकाठच्या झोपड्यांमुळे पूर आला असं तेव्हा बरेच जण म्हणाले. २०२१ च्या जूनमध्ये दांडेकर पुलापाशी ओढा सरळ करायचा म्हणून घरं पाडली गेली, तेव्हाही हेच ऐकू आलं. आमच्यासारख्या नोंदणीकृत सोसायट्यांच्या ट्रॉल्यांचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही. म्हणून मी माझ्यापुरता मांडतो आहे.

पुरानंतर ओढ्याला भिंती हव्यात अशी मागणी आम्हीच केली. आता वाटतं, आम्ही चुकीची वस्तू मागितली. काही ठिकाणी भिंतीवाचून गत्यंतर नाही, हे कबूल. पण दोन्ही काठांना भिंत आणि तळाला काँक्रीट घातलं की पाणी मुरत नाही, त्याचा वेग वाढतो आणि तो खालच्या वस्तीवर जाऊन आदळतो. आपल्या दारातलं पाणी शेजाऱ्याच्या दारात लोटायचं आणि त्याला विकासकाम म्हणायचं!

नालेसफाईचंही तसंच. पुराच्या आधी एका उन्हाळ्यात आमच्या मागे एका ठेकेदाराचं पोकलेन आलं होतं. गाळाबरोबर त्याने काठावरची निर्गुडी, करंजाची रोपं आणि उंबराच्या मुळ्याही खरवडून नेल्या. काठ उघडा पडला आणि पुढच्या जूनमध्ये त्याच काठाची माती गाळ होऊन तळाशी बसली. गाळ घनमीटरने मोजून पैसे देण्याच्या कामात गाळ वाढला की बिल वाढतं. गाळ येऊच नये म्हणून जी झाडं उभी असतात, त्यांचं बिल कोण काढणार?

माथ्यावरही पैशांचीच गोष्ट अडली आहे. समाविष्ट २३ गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं, आरक्षण आहे. क्षेत्र सुमारे ९७८ हेक्टर. नकाशावर हिरवा रंग आहे, पण जमीन ताब्यात यायला मोबदला लागतो. मोबदला म्हणून ठरलेला ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, जमीनमालकांना पटत नाही. दरम्यान टेकडीच्या कडा पोखरल्या जातात आणि पुढच्या पावसात तीच माती ओढ्यात उतरते. नदीकाठ सुधारणेचा ४४ किलोमीटरचा प्रकल्प सुमारे ४,७०० कोटींचा आहे. त्या वादात आज शिरत नाही. पण नदीत पाणी येतं ते अशा ओढ्यांतूनच, आणि गाळ, मैला, प्लॅस्टिकही त्याच वाटेने येतं.

केंद्राने २०२३ मध्ये सात महानगरांच्या पूरनियंत्रणासाठी २,५०० कोटींची घोषणा केली. त्यात पुणे आहे. पुण्याच्या वाट्याच्या पैशांतला मोठा भाग कात्रजच्या उतारावर आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला खर्च व्हावा, भिंतींवर नव्हे. आणि अंदाजपत्रकात ‘आंबिल ओढा, उगम ते संगम’ असं स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावं. किमान दहा वर्षांसाठी, आणि ३१ मार्चला न खर्चलेला निधी व्यपगत, म्हणजे रद्द, होणार नाही अशा अटीवर. झाड लावायचं बिल जूनमध्ये निघतं, पण त्याला पाणी घालायचं बिल पुढच्या तीन उन्हाळ्यांचं असतं. वर्षभर काठाने फिरणारी दोन-चार माणसं पगारावर ठेवावीत. वॉर्डात राडारोडा टाकायला कायदेशीर जागा असावी, आणि ती ट्रॅक्टरवाल्याला परवडेल इतकी जवळ असावी. हे शेवटचं मी अनुभवाने लिहितो आहे. बाकी रामनदीपासून भैरोबा नाल्यापर्यंत शहरातल्या प्रत्येक ओढ्या-नाल्याचं असंच पान उघडता येईल, पण सुरुवात एकापासून करावी.

सोबत त्या व्हाउचरची झेरॉक्स जोडली आहे. सोसायटीचं नाव खोडलं आहे, माझी सही तशीच ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त लेखापाल,
पद्मावती, पुणे