प्रशिक्षक कुठे घडला, तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘मोठा खेळाडू मोठा प्रशिक्षक होत नाही’ अशा आशयाचा लेख वाचला. लेखकाने रमाकांत आचरेकर सरांचा दाखला दिला आहे. सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले आणि त्यांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर घडला. दुसरा दाखला आइस हॉकीतल्या वेन ग्रेट्झकीचा आहे. खेळाडू म्हणून त्याच्या तोडीचा कोणी नाही, पण २००५ ते २००९ या काळात तो फिनिक्सच्या संघाचा प्रशिक्षक असताना संघ एकदाही बाद फेरीत पोचला नाही. दोन्ही दाखले खरे आहेत. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र पटला नाही. आइस हॉकीतलेच सर्वांत ठळक उलट उदाहरण लेखातून सुटले आहे, म्हणून हे पत्र.

नोकरीनिमित्त मी काही वर्षे कॅनडात मॉन्ट्रियलला होतो. तिथे हिवाळ्यात हॉकीचा विषय निघाला नाही असा दिवस जात नाही, आणि जुन्या मंडळींच्या बोलण्यात एक नाव हमखास यायचे: टो ब्लेक. मूळ नाव हेक्टर. धाकट्या बहिणीला ते म्हणता येईना आणि तिचा ‘टो’ त्यांना जन्मभर चिकटला.

ब्लेक खेळाडू म्हणून साधेसुधे नव्हते. १९३९ मध्ये नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये सर्वाधिक गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत मिळून) त्यांचेच होते आणि लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हार्ट ट्रॉफीही त्यांनीच नेली. १९४० पासून ते मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाचे कर्णधार. पुढे मॉरिस रिशार, एल्मर लाक आणि ब्लेक अशी आघाडीची त्रयी जमली. १९४४-४५ च्या हंगामात लीगच्या गुणतक्त्यात पहिले तिघे हेच होते. जानेवारी १९४८ मध्ये एका सामन्यात ब्लेक यांचा पाय मोडला आणि खेळणे संपले.

ते थेट मॉन्ट्रियलच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून जाऊन बसले नाहीत. आधी टेक्साससारख्या उष्ण मुलखातल्या ह्यूस्टनचा दुय्यम लीगमधला संघ, मग बफेलो, मग मॉन्ट्रियलजवळच्या व्हॅलीफील्ड या गिरणगावातला संघ. कर्णधार म्हणून दोनदा स्टॅनले कप, म्हणजे लीगच्या विजेत्याचा चषक, उंचावलेला माणूस अशा छोट्या गावांत, ज्यांचे नाव कधी मोठ्या वर्तमानपत्रात येणार नाही अशा पोरांना शिकवत राहिला. मोठ्या संघाचे दार उघडायला १९५५ साल उजाडले. माझ्या मते ब्लेक यांच्या पुढच्या यशाचे मूळ याच मधल्या वर्षांत आहे, आणि नेमकी हीच वर्षे कोणी सांगत नाही.

दार उघडले तेव्हा घर पेटलेले होते. मार्च १९५५ मध्ये बॉस्टनच्या सामन्यात रिशारने मारामारी सोडवायला आलेल्या लाइन्समनलाच (सहायक पंचाला) ठोसा लगावला. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी त्याला उरलेल्या हंगामासाठी बाहेर काढले. १७ मार्चला स्वतः कॅम्पबेल मॉन्ट्रियलच्या फोरम या क्रीडागृहात सामना पाहायला आले आणि दंगल उसळली; सामना सोडून द्यावा लागला, बाहेर सेंट कॅथरीन रस्त्यावर दुकाने फुटली. फ्रेंच भाषकांचा दैवत असलेला, पटकन भडकणारा हा खेळाडू सांभाळेल असा माणूस संघाला हवा होता. ब्लेक यांची आई फ्रेंच भाषक, त्यामुळे दोन्ही भाषा त्यांना येत होत्या, आणि रिशारच्या शेजारी ते कित्येक हंगाम खेळले होते. संघ त्यांच्याकडे आला. पुढच्या वर्षी स्टॅनले कप मॉन्ट्रियलला आला आणि १९६० पर्यंत सलग पाच वर्षे तिथेच राहिला. असे पाच कप ओळीने आजवर दुसऱ्या कुठल्याही संघाने जिंकलेले नाहीत.

त्या संघाचा दरारा किती होता ते एका नियमावरून कळते. आइस हॉकीत साधी चूक करणाऱ्याला दोन मिनिटे बाहेर बसवतात आणि त्याचा संघ एक गडी कमी घेऊन खेळतो. तेव्हा कितीही गोल झाले तरी ती दोन मिनिटे पुरी भरावी लागत. ५ नोव्हेंबर १९५५ रोजी मॉन्ट्रियलच्या जाँ बेलिवोने बॉस्टनविरुद्ध अशाच वेळात ४४ सेकंदांत तीन गोल केले. पुढच्या हंगामापासून लीगने नियमच बदलला: एक गोल झाला की शिक्षा झालेला गडी परत यायचा. आजही तोच नियम आहे.

पण ब्लेक मला आवडतात ते प्लांटच्या प्रकरणामुळे. गोलरक्षक जाक प्लांटला मुखवटा घालून खेळायचे होते. त्या काळी गोलरक्षक उघड्या तोंडाने उभे राहत. ब्लेक सरावाला मुखवटा चालवून घेत, सामन्यात नाही. गोलरक्षकाची नजर कमी पडेल, तो बेफिकीर होईल, असे त्यांचे मत होते. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रतिस्पर्धी अँडी बाथगेटच्या फटक्याने प्लांटचा चेहरा फाटला. टाके घालून झाल्यावर त्याने सांगितले, मुखवटा नसेल तर मी बर्फावर उतरणार नाही. बाकावर दुसरा गोलरक्षक नव्हता. ब्लेक यांनी जखम भरेपर्यंतची सवलत दिली. संघ जिंकत राहिला आणि सवलत लांबत गेली. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी प्लांटला एकदा मुखवट्याशिवाय खेळून पाहायला लावले. डेट्रॉइटने तो सामना ३-० असा जिंकला. त्यानंतर ब्लेक यांनी हट्ट सोडला, आणि त्या वर्षी बाद फेरीचे आठच्या आठ सामने जिंकून मॉन्ट्रियलने कप घेतला. खेळाडू म्हणून मान मिळवलेल्या, ओळीने चार कप जिंकून दिलेल्या प्रशिक्षकाने आपल्याच गोलरक्षकापुढे मत बदलावे, याला मी मोठेपणा म्हणतो.

ते संत नव्हते. १९४६ मध्ये ज्यांना सभ्य खेळासाठी लेडी बिंग ट्रॉफी मिळाली, त्यांनीच १९६१ मध्ये शिकागोत तिसऱ्या जादा वेळेत सामना हरल्यावर बर्फ ओलांडून पंचावर हात उगारला आणि दोन हजार डॉलर दंड भरला. प्रशिक्षकाच्या जागेवर बसल्यावर माणसाच्या आत काय चालते ते कळायला ही घटना पुरे आहे. त्या वर्षी सहावा कप हुकला. पुढे १९६५, १९६६ आणि १९६८ मध्ये आणखी तीन आले. तेरा हंगाम, आठ कप. शेवटचा जिंकला आणि ताण आता सोसत नाही म्हणून ते बाजूला झाले.

आता त्याच त्रयीतला रिशार पाहा. खेळाडू म्हणून तो ब्लेक यांच्याहून कितीतरी मोठा. एका हंगामात ५० सामन्यांत ५० गोल करणारा पहिला. १९७२ मध्ये क्युबेकच्या नव्या संघाने त्याला प्रशिक्षक नेमले. दोन सामन्यांनंतर त्याने राजीनामा दिला. आणि ब्लेक यांचा आठ कपांचा विक्रम २००२ मध्ये ज्यांनी मोडला ते स्कॉटी बोमन? कुमारवयात डोक्याला दुखापत झाल्यामुळे ते नॅशनल हॉकी लीगमध्ये एकही सामना खेळले नव्हते. मात्र कुमार संघांना शिकवण्यात त्यांनीही उमेदीची वर्षे घातली होती.

ब्लेक आणि बोमन, एक हार्ट ट्रॉफीवाला आणि एक लीगमध्ये न खेळलेला; दोघांत समान आहे ती खालच्या पातळीवरची उमेदवारी. आचरेकर सरांचेही तेच. शिवाजी पार्कच्या मैदानावर त्यांनी रोज उभे राहून जी वर्षे दिली, ती कुठल्याही धावसंख्येत दिसत नाहीत. रिशार आणि ग्रेट्झकी यांना मात्र थेट वरच्या संघावर बसवले गेले. त्यांचे अपयश त्यांच्या मोठेपणाच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

हे लिहिण्याचे कारण केवळ दुरुस्ती नाही. आपल्याकडेही कबड्डी, खो-खो, कुस्तीतले खेळाडू तिशीच्या आसपास थांबतात. त्यांच्यातल्या कुणाला प्रशिक्षक नेमले की बातमीत पदकांची यादी येते आणि लगेच ‘नावावर नेमणूक’ अशी टीकाही येते. तालुक्याच्या मैदानावर, शाळेच्या संघाबरोबर, एखाद्या तालमीत त्याने आधी किती वर्षे शिकवले, हे ना बातमीत असते ना टीकेत. आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी अशी नेमणूक छापताना ती एक ओळ जरूर द्यावी. ती मिळवण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी दोन फोन करावे लागतील, इतकेच.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
मिरज