ओल्या पावलांचे ठसे

ती. आई आणि ती. बाबा यांस,

सा. न.

मागच्या खेपेला आले तेव्हा मी पाठवलेले बूट शोधले. बाबांचे सापडले कपाटाच्या खालच्या खणात, आतल्या चुरगळलेल्या कागदासकट. आई, तुझे दाराशीच होते, पण उजव्या बुटाला अंगठ्याच्या मुळाशी तू कात्रीने चीर दिली होतीस. मी विषय काढला नाही, तूही काढला नाहीस. चूक माझीच. दोघांना एकाच प्रकारचे बूट घेतले, फोनवर नंबर विचारला आणि मोकळी झाले. तू म्हणालीस पाच. हा पाच नंबर मी शाळेत होते तेव्हाचा आहे गं!

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराबाहेर फरशीवर तुमच्या दोघांच्या ओल्या पावलांचे ठसे शेजारी शेजारी उमटले होते. आई, तुझा ठसा टाचेपासून बोटांपर्यंत गच्च भरलेला, आतली कड जवळजवळ सरळ. बाबांची टाच वेगळी, चवडा वेगळा, आणि त्यांना जोडणारी बाहेरच्या कडेने जेमतेम बोटभर पट्टी. ठसे वाळेपर्यंत मी बघत उभी राहिले. एवढी चाळीस वर्षं एका घरात राहून पावलं इतकी निराळी, आणि मी एकाच साच्यातले बूट दोघांच्या पायात कोंबायला निघाले होते.

आई, आधी तुझं. तुझ्या तळव्याची कमान बसली आहे. वयाबरोबर पायातले बंध सैल होतात आणि पाऊल लांबीला नि रुंदीला दोन्हीकडे पसरतं. शिवाय गरोदरपणातही पाऊल पसरतं आणि बऱ्याच जणींचं मूळ मापावर परत येतच नाही, म्हणजे थोडा दोष माझ्याकडेही जातो. असं पाऊल चालताना आतल्या बाजूला कलतं. त्याला लागतो टाचेपाशी कडक बूट. मागची बाजू दोन बोटांनी दाबून बघ, चेपली तर तो बूट ठेवून दे. मग ओलं फडकं पिळतात तसा बूट पिळून बघ, सहज पिळला जाता कामा नये. आणि वाकवलास तर चवड्यापाशी वाकायला हवा, जिथे तुझी बोटं वाकतात तिथे. मधोमध घडी पडली तर तो कमानीला काय आधार देणार?

अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलंय, त्यासाठी पुढचा भाग रुंद हवा, टोकदार अजिबात नको, आणि त्या जागी वरचं कापड मऊ, बिनशिलाईचं हवं. शिवण नेमकी तिथेच येते आणि तिथेच चावते.

आणखी एक. तुझा जीव त्या नुसता पाय सरकवायच्या, कागदासारख्या पातळ तळाच्या बुटांवर आहे, हे मला माहीत आहे. पण सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं तुझी टाच धरते ना, तिला तो तळ नडतो. सपाट बूट म्हणजे पाटासारखा सपाट नव्हे. टाच चवड्यापेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असली की पोटरीचा आणि तळव्याचा ताण कमी होतो. शिवाय वर पट्टा नसला की बूट निसटू नये म्हणून बोटं दिवसभर आकडून राहतात. पट्टा किंवा वेल्क्रो असलेलाच घे. वाकून नाडी बांधायचा त्रासही नको.

बाबा, तुमचं उलट आहे. कमान उंच, म्हणून सगळा भार टाच आणि चवडा या दोनच ठिकाणी पडतो. त्यातून वयाबरोबर तळव्याखालची गादी पातळ होते. तुम्हाला आत मऊपणा हवा आणि पावलाच्या वरच्या बाजूला जागा हवी. नाडी सैल केल्यावर तोंड चांगलं उघडेल असा बूट बघा, म्हणजे वर वळ उठणार नाही. मात्र मऊ म्हणून उशीसारखा जाड, डुगडुगणारा तळ घेऊ नका. त्यात पायाला जमीन कळत नाही आणि तोल जातो.

तुमच्या साखरेमुळे बोटांना संवेदना कमी आहे, म्हणून "मला तर काही टोचत नाही" हे तुमचं म्हणणं मी या बाबतीत मानणार नाही. आतला सुटा तळ बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पाऊल कडेने बाहेर सांडलं तर बूट अरुंद. सर्वात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे, आणि ते लांब बोट अंगठाच असेल असं नाही, तुमचं शेजारचं आहे. घालण्याआधी रोज आत हात फिरवून बघा. खडा राहिला तर पायाला कळणारच नाही.

नंबराचं काय, ब्रिटिश मापात एका नंबराने लांबी साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते, युरोपियन मापात पावणेसात. रुंदी त्या आकड्यात धरलेलीच नसते, आणि एका कंपनीचा सात दुसरीकडे आठ भरतो. म्हणून नंबर सांगू नका, पावलं पाठवा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, कोऱ्या कागदावर उभं राहायचं आणि दुसऱ्याने पेन्सिल सरळ उभी धरून कड आखायची. दोन्ही पावलांची, कारण एक मोठं असतंच आणि बूट मोठ्याच्या मापाने घ्यायचा. "घालून घालून सैल होतील" या भरवशावर आता काही घ्यायचं नाही. पहिल्या दिवशी चावतो तो बूट परत.

बाबा, आईचं पाऊल तुम्ही आखा आणि तुमचं तिला आखू द्या. खुर्चीत बसून आखलेलं मला लगेच कळेल, पाऊल आखूड येतं. आणि आई, ती चीर दिलेली जोडी टाकू नकोस. चीर नेमकी कुठे आणि किती आहे, ते मला मोजून हवंय.

तुमची,
धाकटी