नव्या परिचारिकेला रात्री एकटी ठेवू नका

महोदय,

बी.एस्सी. नर्सिंग होऊन आलेल्या मुलीला अनेक ठिकाणी पहिल्याच महिन्यात रात्रपाळीला एकटीने वॉर्ड सांभाळावा लागतो. पुस्तक तिला पाठ असते, पण हात तयार नसतो.

रुग्ण निपचित दिसला, तर श्वास आणि मानेची नाडी तपासायला 10 सेकंदांहून जास्त वेळ घालवू नये. दोन्ही नसतील, तर मदतीला हाक मारून लगेच छाती दाबायला घ्यावी: मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंमी खोल, 30 दाबांमागे 2 श्वास. चूक होते ती गादीमुळे. मऊ गादी बराच जोर खाऊन टाकते, म्हणून पाठीखाली फळी हवीच. दाबणारी व्यक्ती दर 2 मिनिटांनी बदलावी. हात थकून दाब उथळ झाला, तरी तिचे तिला कळत नाही.

सर्वांत धोक्याची गल्लत ॲड्रेनालिन या तातडीच्या औषधाची. हृदय बंद पडले तर 1 मिग्रॅ शिरेतून, दर 3 ते 5 मिनिटांनी, मागून 20 मिली सलाइन. इंजेक्शनच्या ॲलर्जीने रुग्ण कोसळला पण नाडी लागते, तर प्रौढाला 0.5 मिग्रॅ मांडीच्या स्नायूत. अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) मात्र तीच, 1 मिलीत 1 मिग्रॅ! घाईत पूर्ण अँप्यूल शिरेत गेली तर धडधडते हृदय बिघडते.

इमर्जन्सी ट्रॉली प्रत्येक पाळीला तपासावी: लॅरिंगोस्कोपचा (घशात पाहायच्या उपकरणाचा) दिवा, सक्शन (घशातला स्राव खेचणारे यंत्र), अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), ऑक्सिजन सिलिंडरची चावी. ही चावीच ऐनवेळी सापडत नाही.

रुग्णालयांनी पहिले 3 महिने नव्या परिचारिकेसोबत रात्री अनुभवी सिस्टर द्यावी.

– काही ज्येष्ठ परिचारिका