लॅपटॉप स्वतःकडे न वळवणाऱ्या दादास

प्रिय दादा,

तुझा धाकटा भाऊ माझ्याकडे दहावीच्या गणिताला येतो, म्हणून मीही तुला दादाच म्हणते. त्या दिवशी नीट आभार मानायचे राहूनच गेले. तू चपला घालून जिना उतरलास तरी मी आपली भिंतीवरचा शंकू फिरवत बसले होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि माझा धडधाकट लॅपटॉप विंडोज ११ च्या लेखी म्हातारा ठरला. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून घेतली. बाकी सगळं झकास, पण प्रोजेक्टरची केबल लावली की भिंतीवर नुसतं 'नो सिग्नल'. आणि क्षेत्रमिती शिकवायची तर मला भिंत लागतेच. फळ्यावर काढलेला शंकू पोरांना त्रिकोणच वाटतो.

एका दुकानात सांगितलं, पोर्ट गेलं, मदरबोर्ड बदला. दुसऱ्याने ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकला, रिस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन आली, तर म्हणे व्हायरस आहे, फॉरमॅट मारू. दोघांनीही लॅपटॉप पहिल्यांदा काय केला असेल, तर गर्रकन आपल्या बाजूला फिरवला. मी काउंटरच्या अलीकडे झाकणाची पाठ बघत उभी. काय चाललंय विचारलं की उत्तर एकच, "मॅडम, ते टेक्निकल आहे." तीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला!

तू आलास, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलास आणि लॅपटॉप होता तिथेच राहू दिलास. "तुम्हीच चालवा की मॅडम, मी सांगतो." आणि चक्क हाताची घडी घातलीस. आम्ही पोरांना घालायला लावतो तशी.

पोर्ट ठणठणीत होतं. या मॉडेलमध्ये प्रोजेक्टरच्या केबलचं एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डाला जोडलेलं, त्यामुळे कार्डाचा ड्रायव्हर सुरू झाल्याशिवाय प्रोजेक्टरला काही मिळत नाही, हे तू सांगितलंस. ड्रायव्हर तर टाकलेला होता, पण सिक्युअर बूट, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाचा पहारेकरी, अनोळखी सही असलेल्याला आत घेत नाही. ती निळी स्क्रीन मालकाला विचारत होती, ही सही तुम्हाला मान्य आहे का? दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबलं नाही तर ती निघून जाते. दाबलं तरी पुढच्या यादीत 'कंटिन्यू बूट' सगळ्यात वर, एंटर मारला की संपलं. माझं बोट एंटरवर गेलं तेव्हा तुझा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. परत घडी. "एंटर नको. खालचा बाण." मग 'एन्रोल मॉक', म्हणजे सही मान्य, मग पासवर्ड, रिस्टार्ट. सगळं माझ्या बोटांनी. तुझ्या हाताने झालं असतं तर निम्म्या वेळात झालं असतं, हे मला कळत होतं. तुलाही.

ड्रायव्हर पुन्हा उतरत होता तेव्हा तू गंमत सांगितलीस. लिनक्सच्या जनकाने, लिनस टोरवाल्ड्सने, २०१२ मध्ये फिनलंडमध्ये भर कार्यक्रमात एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. मी हसले. पण मला जास्त भावली ती 'नुव्हो'वाल्यांची गोष्ट. कंपनी माहिती देईना, तर कार्ड कसं वागतं ते बघून बघून या मंडळींनी स्वतःचा ड्रायव्हर लिहिला. तो वेगात कमी पडतो, पण सगळ्यांसाठी खुला आहे. माहिती दाबून मोठं होणारी माणसं आपल्या गल्लीतही चिक्कार आहेत. ती वाटून मोकळी होणारी भेटली की जीव कसा सुपाएवढा होतो.

पुढच्याच आठवड्यात अपडेट आला, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला. पोटात गोळा आला होता, पण प्रोजेक्टर लागला. न लागता तर चालू होताना जुना कर्नल निवडायचा, हेही तू माझ्याच हाताने करून घेतलं होतंस.

पैसे तू घेतले नाहीस, चहासुद्धा अर्धाच प्यायलास. भावाची फी मात्र माफ करणार नाही. रविवारी जादा तासाला पाठवून दे त्याला, त्रिकोणमितीत फार कच्चा आहे.

तुझी,
गणिताची मॅडम