सूचना : प्रतिसरकार मोहिमेच्या गेम मास्टरांसाठी

साताऱ्याच्या प्रतिसरकारावरची (१९४०च्या दशकात इंग्रजांविरुद्ध गावोगाव चाललेलं समांतर सरकार) मोहीम, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर अनेक सत्रं खेळायची गोष्ट, रविवारी सुरू होतेय. चारही टेबलांच्या गेम मास्टरांनी (खेळ चालवणाऱ्यांनी) शनिवारपर्यंत तयारी उरकावी.

कागदावर दोन वर्तुळं काढा: 'पोलिसांचा संशय' ८ भागांचं, 'गावाचा आधार' ६ भागांचं. ती सगळ्यांना दिसू द्या; लपवली तर छापा आकाशातून पडल्यासारखा वाटतो आणि खेळाडू चिडतात. फासा फसला की संशयाचा एक भाग भरा, गोळी झाडली तर दोन. आठवा भरला की छापा पडतो, पण खेळाडूंवर नाही. ज्या घरात त्यांनी भाकरी खाल्ली त्या घरावर, आणि आधाराचा एक भाग पुसला जातो. त्या घरातली माणसं, गोठा, मागचं दार आधीच कार्डावर लिहून ठेवा. मोहिमेचा जीव तिथेच आहे.

शेणोलीची रेल्वे लूट (७ जून १९४३) पहिल्या सत्रात नको. पगाराची गाडी लुटल्यावर पत्रकं वाटायला कुणाचे हात वळत नाहीत. आधी कुंडल गावाला निरोप पोचवणं, न्यायदान मंडळापुढचा (प्रतिसरकारच्या गावातल्या न्यायसभेपुढचा) बांधाचा तंटा. गाडी चौथ्या सत्रात.

महत्त्वाची खबर फाशावर अडवू नका. फासा फसला तरी खबर मिळते, फक्त उशिरा, किंवा कुणीतरी पाहिलेलं असतं.

खेळाडूंपैकी कुणाला गुपचूप खबऱ्या करू नका. पायाला पत्री (पत्रा) ठोकण्याची शिक्षा, कोठडीतली मारहाण यांवर सुरुवातीची दहा मिनिटं बोला. एकालाही नको असेल तर ते प्रसंग गाळा.

प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटलांच्या तोंडी आपले संवाद घालू नका. त्यांचा निरोप येतो, एवढं पुरे.

फासे, पेन्सिली क्लबात आहेत. कार्डं मात्र आपापली आणा.